भिंगरी सर आणि अडकून पडलेल्या मात्रा

पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या हिंदीच्या सरांची भिंगरी पायापुरती नव्हती. ती हातात होती, मानेत होती, भुवयांत होती. खुर्चीवर बसायची वेळ आली तर ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत आणि खुर्चीलाच मागेपुढे झुलवत. मुलांनी नाव ठेवलं भिंगरी सर. पुढे मुलांचे आईबापही तेच म्हणू लागले, आणि शेवटी सर स्वतःच दार वाजवून सांगत, "मी भिंगरी आलोय."

त्यांचा वर्ग संध्याकाळी भरे, शाळा सुटल्यावर, वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत. कारखान्यातली, दुकानातली, आगारातली माणसं कामावरून परस्पर येत. आपण सगळे मराठी बोलणारे, त्यामुळे हिंदी म्हणजे आपल्याला येतेच, असा प्रत्येकाचा समज. सर तो पहिल्याच दिवशी काढून टाकत. कसा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण मी छापखान्यात अक्षरं जुळवणारा जुळारी, काम सुटलं की मीही मागच्या बाकावर जाऊन बसायचो. खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस मी, गुरुजी एक आणि इयत्ता चार. फुकट शिकायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो!

सर खोलीभर फिरत आणि दिसेल त्या वस्तूवर हात मारत. "हे दार. मराठीत काय? ते दार. हिंदीत 'ते' नाहीच! तिसऱ्या लिंगाला तिथं घरच नाही. मग या बिचाऱ्या दारानं जायचं कुठं? पुरुषांत. दरवाज़ा, पुल्लिंग! हे पुस्तक? बायकांत. किताब म्हणा, पुस्तक म्हणा, स्त्रीलिंग!" मग एकदम माझ्यासमोर येऊन माझं नाक चिमटीत धरलं. "हे नाक! जुळारीबुवा, मिशा केवढ्याही वाढवा, हिंदीत तुमचं नाक बाई आहे!"

वर्ग हसून लोळला.

"आणि आवाज? बाई. आत्मा? मराठीत तो आत्मा. हिंदीत आत्मा बाई! म्हणजे बघा, सीमा ओलांडली की माणूस आतून बदलतो."

आगारातला एक चालक म्हणाला, "सर, मग आमच्या घरी सगळं हिंदीच चालू आहे म्हणायचं. माझा आवाज तरी कुठं पुरुषाचा राहिलाय!"

असा तो वर्ग. सरांचा जीव होता त्याच्यात. आणि त्याच वर्गावर गदा आली.

शाळेच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या. शिस्तीच्या होत्या, एवढंच. त्यांना टोकाची खोली टंकलेखनाच्या वर्गाला हवी होती. त्यांनी सरांना बोलावून सरळ सांगितलं, "सर, तुम्ही फिरता, बोलता, लोक हसतात. पण शिकवता काय, ते दाखवायला तुमच्याकडे कागद नाही. शाळेचं नवं वर्ष सुरू होईल त्या दिवशी तुमचं व्याकरणाचं पुस्तक छापून माझ्या टेबलावर आलं, तर खोली तुमची. नाही आलं, तर टंकयंत्रं आत येतील."

सरांचं पुस्तक कितीतरी वर्षं चाललं होतं. हिंदीचा इतिहास आणि व्याकरण, सबंध हिंदीतच लिहिलेलं, छोटंसं. चाललं होतं म्हणजे संपत नव्हतं. एखादा नियम लिहायचा, मग बाहेर पडायचं, केशकर्तनालयात, मालधक्क्यावर, बस थांब्यावर हिंदी बोलणारं कुणी भेटलं की कान टवकारायचे. तो माणूस नियमाबाहेर काहीतरी बोलणार, सर घरी येऊन पान फाडणार. पण आता तारीख पडली, आणि सर हस्तलिखिताचं बाड घेऊन आमच्या छापखान्यात धडकले.

इथं छापखान्याची जरा गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढची मजा कळायची नाही.

तेव्हा अक्षरं शिशाची. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. लाकडी पेटीत खण. या खणात क, त्या खणात म, वर काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या. मी जुळारी, खणातून खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचं पान झालं की दोऱ्यानं करकचून बांधून ठेवायचं. पान छापून झालं की दोरा सोडायचा आणि खिळे परत आपापल्या खणात. छापलं नाही, तर खिळे त्या पानातच अडकून पडणार.

आमचा छापखाना मराठी. मराठीला 'ळ' भरपूर लागतो, एक मात्रा भरपूर लागते. दोन मात्रा लागतात कितीशा? बैल, पैसा, मैत्री, झालं. म्हणून दोन मात्रांचा खण सगळ्यांत लहान, आणि तोही अर्धा रिकामा. आणि हिंदी? प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'है'. नाहीतर 'हैं'. सुरुवातीला 'मैं'. पहिली चार-पाच पानं जुळवली आणि मी खणात बोट घातलं तर खाली लाकूड लागलं.

"मालक," मी म्हटलं, "दोन मात्रा संपल्या."

"संपल्या म्हणजे? कुणी खाल्ल्या?"

"भिंगरी सरांनी."

मालक म्हणजे हौसेनं छापखाना चालवणारा, पण डोक्यानं तापट माणूस. त्यांनी पान बघितलं, कपाळाला हात लावला. "आणि 'ळ' किती लागले?"

"एकही नाही."

"म्हणजे जे आहे ते लागत नाही आणि जे लागतं ते नाही! सासुरवाडीसारखी भाषा दिसते ही."

मार्ग एकच होता. जुळवलेली पानं सरांनी तपासून 'छापा' म्हणायचं, ती छापायची, मात्रा मोकळ्या करायच्या, पुढची पानं जुळवायची. जिथं मात्रा कमी पडेल तिथं खिळा उलटा लावून जागा धरायची. तपासणीच्या कागदावर तिथं काळा ठिपका उमटे. काम रांगत चाललं, पण चाललं. व्याकरणाचे धडे तसेच पार पडले. 'मैंने लाया' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना 'मैं लाया' शिकवणारा धडा छापताना तर सर यंत्राभोवती इतक्या घिरट्या घालत होते की मालक म्हणाले, "मास्तर, एका जागी राहा, नाहीतर तुम्हालाच छापून काढीन."

घोड्यानं पेंड खाल्ली ती शेवटच्या धड्यात. इतिहासाच्या.

तपासणीची आमची रीत अशी, की एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापील कागदावर डोळा फिरवायचा. सरांना बसून वाचणं जमेना. वाचता वाचता दाराबाहेर जात, आणि अर्धं वाक्य रस्त्यावर ऐकू येई. मग त्यांनी आपल्या बायकोला आणलं.

या वहिनी. यांच्याविषयी आधी बोलायला हवं होतं, पण गोष्टीत त्या आत्ताच येतात. सर तरुणपणी हिंदी शिकायला म्हणून दूर गेले होते, ते लग्न करूनच परतले. लोक चेष्टा करत, "मास्तर हिंदी शिकायला गेले आणि हिंदीच घेऊन आले." त्यावर वहिनी हसून म्हणत, "फसवलंय त्यांना. मी हिंदी नाहीच, मी भोजपुरी." मराठी त्या आपल्यासारखीच बोलत, फक्त 'माझी आत्मा' म्हणत, आणि कुणी टोकलं तर सांगत, "तुमचा असेल पुरुष. माझी बाई आहे."

त्या स्टुलावर बसून वाचत होत्या, मी कागदावर बोट फिरवत होतो, सर खिडकी ते दार, दार ते खिडकी. धडा छान होता. 'हिंदी' हे नावच मुळी फारसी बोलणाऱ्यांनी दिलं, सिंधूवरून. दिल्लीभोवतालच्या खडी बोलीवर ही भाषा उभी राहिली. शेकडो वर्षं कविता मात्र ब्रज आणि अवधीतच; खडी बोलीच दक्षिणेत उतरली तर दख्खनी झाली; उर्दूचं आणि हिंदीचं व्याकरणाचं हाड एकच. वहिनी रंगून वाचत होत्या. मग ओळ आली. "भोजपुरी आदि हिंदी की ही बिगड़ी हुई बोलियाँ हैं।"

वहिनी थांबल्या. कागदाकडे पाहिलं. आणि पुढची ओळ वाचायला लागल्या, आवाज तोच, पण रंग गेलेला.

सरही थांबले. खिडकी आणि दार यांच्या मधोमध. मी त्यांना उभं राहिलेलं प्रथमच पाहत होतो. मला वाटलं यांना काही होतंय.

"ही ओळ काढा, जुळारीबुवा," ते म्हणाले.

"का हो? सगळ्या पुस्तकांत असंच असतं म्हणत होतात ना?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्या पुस्तकांत असतं म्हणूनच मी लिहिलं."

"मग राहू दे की."

"नको. खोटं आहे ते. माझं मलाच माहीत आहे. खडी बोलीचं माहेर शौरसेनी प्राकृत, भोजपुरीचं मागधी. माहेरं वेगळी, मग ही तिची मोडकी लेक कशी होईल? मी लिहून गेलो. घरात रोज भोजपुरी ऐकत असूनही लिहून गेलो."

वहिनी पदर सावरत उठल्या. "स्वयंपाकाचं बघते," म्हणाल्या आणि गेल्या. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोण!

मी ओळ उचकटली. त्यातली दोन मात्रांची एक जोडी मोकळी झाली, ती मागच्या पानावरचा शेवटचा काळा ठिपका बुजवायला कामी आली. आता सगळी पानं पुरी. फक्त एका ओळीची जागा रिकामी, आणि खणात दोन मात्रांच्या नावानं शून्य. आणि ती ओळ बसेपर्यंत या धड्याच्या एकाही पानाला सर 'छापा' म्हणेनात.

मग सर जे सुटले ते सुटलेच. त्या एका ओळीसाठी. सकाळी छापखान्यात एक वाक्य आणत, दुपारी ते खोडत. मालधक्क्यावरच्या हमालांना विचारून येत, रंगाऱ्यांना विचारत, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला झोपेतून उठवून विचारलं, "तुमची बोली हिंदीची कोण?" तो म्हणाला, "साहेब, आधी तुम्ही कोण?" शाळा सुरू व्हायचा दिवस जवळ येत चालला. सर वाळले. चालता चालता जेवत. वहिनींशी बोलताना नजर भिंतीवर. मी एकदा म्हटलं, "सर, ती ओळ वगळून टाकू, बाकीच्या सरकवून घेऊ."

"वगळायची? म्हणजे तिला वगळायचं? बिघडलेली म्हणण्यापेक्षा ते वाईट!"

आणि जे वाक्य आणत, त्यात 'है' असेच. एकात तर तीन. "यह कहना उचित नहीं है कि..." मी रिकामा खण उचलून दाखवायचो. सर मुठी आवळायचे.

इकडे मालकांच्या नाकी नऊ आले. बैलबाजाराची जाहिरात आली, 'बैल' छापता येईना. पतपेढीचं काम आलं, 'पैसे' छापता येईनात. "सगळ्या गावाची मात्रा या मास्तरांनी दोऱ्यानं बांधून ठेवलीय!" मालक ओरडले. "जुळारीबुवा, उद्या सकाळी शाळेचा पहिला दिवस. दहापर्यंत त्यांनी 'छापा' म्हटलं तर छापू. नाहीतर मी स्वतः दोरे कापणार. पुस्तक गेलं खड्ड्यात."

हे त्यांनी तोंडानं म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच कात्री घेऊन उभे होते. सरांचा पत्ता नव्हता. बोलावणं पाठवलं तर वहिनी आल्या, धापा टाकत.

"पहाटेच गेलेत मालधक्क्यावर. कुणीतरी नवीन टोळी आलीय म्हणे आमच्या बाजूची. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पानं दाखवली. दोऱ्यात बांधलेली, शिशाची, काळी चकचकीत. आणि शेवटच्या पानात एका ओळीची फट, पडलेल्या दातासारखी.

वहिनी त्या फटीकडे बघत राहिल्या. "एवढ्याशा भोकासाठी हा माणूस गावभर पळतोय?"

"हो. आणि वर्ग जायची वेळ आलीय."

"मला म्हणाले असते."

"तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटतेय त्यांना, वहिनी."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "घ्या लिहून. नाही, लिहू नका, लावा सरळ. मी बोलते, तुम्ही लावा." आणि त्या बोलल्या. हिंदीत नाही. आईशी बोलत असतील तशा.

"हमार बोली केहू के बेटी ना ह, बहिन ह।"

माझे हात सवयीनं चालले. ह, म, काना, र. बोली. केहू. एक मात्रा, भरपूर. बेटी. बहिन. ओळ संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, रिकाम्या खणाकडे माझा हात गेलाच नव्हता. मी पुन्हा वाचली: आमची बोली कुणाची लेक नाही, बहीण आहे.

"मालक, हिच्यात 'है' नाही!"

"आमच्यात 'है' लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "आम्ही 'ह' म्हणतो, 'बा' म्हणतो. तुम्ही लोकांनी उगीच मात्रांचा पसारा वाढवलाय."

मालकांनी कात्री खाली ठेवली. "पण 'छापा' कोण म्हणणार? मास्तरांचा शब्द लागतो."

"ओळ माझी आहे ना? मग मी म्हणते. छापा."

यंत्र सुरू झालं. ते धडधडत असतानाच सर आले, चपलेचा अंगठा तुटलेला, तळहातावर शाईनं काहीतरी लिहिलेलं. "मिळालं! जुळारीबुवा, मिळालं! यात दोनच 'है' आहेत, कुठूनतरी..." आणि त्यांना यंत्र दिसलं. ओला कागद दिसला. वहिनी दिसल्या.

त्यांनी कागद उचलला. मला वाटलं, हा माणूस आता फाडणार. ते वाचत गेले, शेवटच्या पानाशी आले. ओठ हलले. पुन्हा हलले.

"हे... हे हिंदी नाही," ते हळूच म्हणाले.

"नाहीच ती. तेच लिहिलंय."

"इतक्या दिवसांत मला सुचलं नाही."

"कसं सुचणार? गावभर विचारलंत, घरात नाही विचारलंत."

"मी... तू तेव्हा उठून गेलीस."

"स्वयंपाक होता, अहो! भाजी करपली असती तर तिच्याबद्दलही एक धडा लिहिला असता तुम्ही."

सरांना हसू आलं, डोळ्यांत पाणीही. तळहातावरची शाई त्यांनी धोतराला पुसली. धोतर वाया गेलं ते वेगळंच.

पानं घड्या घालून, टाचून, शाई ओली असतानाच आम्ही शाळेत पोचलो. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर टंकयंत्रं पोत्यांत गुंडाळून ठेवलेली. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, बोटं काळी झाली. चाळत चाळत शेवटी आल्या. भुवया वर.

"सर, ही शेवटची ओळ? हे कुठल्या व्याकरणात बसतं?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पळून जातात की काय असं मला वाटलं. मग म्हणाले, "बाई, माझ्या व्याकरणात नाही बसत. हिच्या व्याकरणात बसतं. तेवढं विद्यार्थ्यांना कळलं तर माझं पुस्तक पुरं झालं."

"आणि कुणी अर्थ विचारला तर?"

"अर्थ ती सांगेल."

बाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी मान वर करून उभ्या राहिल्या. बाईंनी काळी बोटं रुमालाला पुसली आणि शिपायाला हाक मारली. "ती यंत्रं खालच्या खोलीत न्या. आणि सर, मुखपृष्ठ घाला हो याला, हात खराब होतात."

त्या संध्याकाळी शेवटचा धडा वहिनींनी वाचला. टोकाच्या खोलीत, फळ्याजवळ उभं राहून. हमार बोली म्हणताना त्यांचा आवाज कसा मोकळा सुटला, ते मला लिहून दाखवता यायचं नाही. तेवढे खण माझ्याकडे नाहीत. मालधक्क्यावरचे दोघे-तिघे हमालही आले होते, सरांनीच बोलावलेले. ते दारात उभं राहून माना डोलवत होते, कुणीतरी आपल्या घरचं नाव घेतल्यासारखे.

आणि सर? सर माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसले होते. बसले! वर्गातल्या चालकानं मागं वळून बघितलं आणि शेजाऱ्याला कोपर मारलं.

मी खाली वाकून पाहिलं. बाकाखाली त्यांचा उजवा पाय तुटक्या चपलेत सारखा हलत होता, आणि हातात शिसपेन्सिल होती. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्यांनी काहीतरी खोडायला घेतलं होतं.